झोळी आणि पावतीपुस्तक



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही ‘ऑलिंपिक’ असे उत्तर दिले. चालक क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर, वेतनकरारावर, फार तर कंत्राटी कामगारांच्या हालांवर बोलेल असे त्यांनी धरले असावे, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. मैदानाशी आमचा संबंध मोर्चाच्या दिवशी तेथे जमण्यापुरताच आला. तथापि ऑलिंपिकबद्दल जे काही वाचनात आले त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, हा विषय जितका खेळाडूंचा आहे तितकाच संघटनेचा आहे. खेळाडू ऑलिंपिकला जातो हे अर्धे सत्य होय. ऑलिंपिकला समिती जाते, आणि जाताना ती खेळाडूला बरोबर नेते. समितीचे कागद नीट नसतील तर खेळाडू कितीही बलवान असो, तो फाटकाबाहेरच उभा राहतो.

हे बोलणे अतिशयोक्तीचे वाटेल म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारीत रशियातील सोची येथे हिवाळी ऑलिंपिक भरले. उद्घाटनाच्या संचलनात प्रत्येक देशाचे पथक आपापला ध्वज घेऊन चालते. त्या दिवशी भारताचे तीन खेळाडू चालले, पण त्यांच्यापुढे तिरंगा नव्हता. ऑलिंपिकचा पांढरा ध्वज होता. कारण डिसेंबर २०१२ पासून भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. निवडणुकीत सरकारचा हात आणि आरोप असलेली माणसे पदावर, असा तो वाद होता. खेळाडूंनी काही गुन्हा केला नव्हता. स्पर्धा चालू असतानाच ११ फेब्रुवारीला निलंबन उठले, पण संचलन होऊन गेले ते गेलेच.

त्याच संचलनात प्रशांत महासागरातील टोंगा नावाच्या बेटांचा एक गडी आपल्या राष्ट्राचा ध्वज घेऊन चालला. टोंगाची वस्ती सुमारे एक लाख. तेथे बर्फ पडत नाही. तरी हा गृहस्थ बर्फाच्या नळीतून पाठीवर झोपून घसरण्याच्या शर्यतीत उतरला होता. पैशाची सोय व्हावी म्हणून त्याने अंतर्वस्त्रे विकणाऱ्या एका जर्मन कंपनीचे नाव स्वतःला लावून घेतले होते, पासपोर्टावरसुद्धा! यावर हसायचे असेल तर हसून घ्या. पण हेही लक्षात ठेवा की एक लाखाच्या टोंगाचा ध्वज तेथे होता आणि सव्वाशे कोटींचा नव्हता.

प्रशांत महासागराच्या या बेटांकडे आमचे लक्ष गेले ते असे. आपल्याकडे नकाशात ती ठिपक्यांसारखी दिसतात; कित्येक नकाशांत तर दिसतही नाहीत. तुवालू हे त्यांतले एक राष्ट्र. क्षेत्रफळ सव्वीस चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. आपल्या ताडोबा-अंधारीचा गाभ्याचा भाग सहाशे पंचवीस चौरस किलोमीटरांचा आहे. त्यात असली चोवीस राष्ट्रे मावतील. तुवालूच्या मुख्य बेटावर जमीन इतकी अपुरी की विमानतळाची धावपट्टी हेच तेथल्या लोकांचे मैदान. विमान नसेल तेव्हा संध्याकाळी पोरे तेथे खेळतात.

अशा या तुवालूची राष्ट्रीय समिती आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००७ साली मान्य केली आणि २००८ साली बीजिंगला त्यांचे तीन खेळाडू उतरले. २०२४ साली पॅरिसला दोघे गेले. शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीत त्यांच्या धावपटूला अकरा सेकंदांहून अधिक वेळ लागला आणि तो तेथेच थांबला. आपल्या शेजारच्या छत्तीसगडचा अनिमेष कुजूर हा जंगलपट्ट्यातला मुलगा २०२५ मध्ये तेच अंतर १०.१८ सेकंदांत धावला. तेव्हा वेगाचाच प्रश्न असता तर तुवालूचे नाव कोणी घेतले नसते.

मग हे कसे घडते? ऑलिंपिकची एक सनद आहे. त्या सनदेप्रमाणे प्रत्येक देशाची एकच राष्ट्रीय समिती असते, आणि खेळाडूची नोंदणी ती समितीच करू शकते. समितीला मान्यता हवी असेल तर निदान पाच खेळांच्या राष्ट्रीय संघटना हव्यात आणि त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी त्यांची संलग्नता हवी. म्हणजे सभासद, घटना, निवडणूक, हिशेब. आमच्या कामगार बंधूंना यात नवे काहीच वाटणार नाही. १९२६ च्या कायद्याखाली सात माणसांनी अर्ज केला की युनियनची नोंदणी करता येत असे. पण नोंदणी वेगळी आणि मान्यता वेगळी. आपल्या राज्यातला १९७१ चा कायदा मान्यतेसाठी शेकडा तीस सभासद मागत होता, आणि तेही सलग सहा महिन्यांचे. ज्याच्यापाशी मान्यता त्यालाच व्यवस्थापनासमोर खुर्ची. बाकीच्यांनी फाटकावर घोषणा द्याव्यात. ऑलिंपिकचे फाटक याहून वेगळे नाही.

नाऊरू हे त्याच समुद्रातले दुसरे बेट, एकवीस चौरस किलोमीटरांचे. तेथे मार्कस स्टीफन नावाचा वजन उचलणारा तरुण निघाला. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळवले. १९९२ चे ऑलिंपिक आले. नाऊरूला ऑलिंपिक समितीच नव्हती. तेव्हा या गड्याने शेजारच्या सामोआचे नागरिकत्व घेतले आणि त्या देशाच्या नावाने बार्सेलोनात वजन उचलले. १९९४ साली नाऊरूच्या समितीला मान्यता मिळाली आणि १९९६ साली अटलांटात तोच माणूस आपल्या बेटाच्या नावाने उतरला. दंड तेच होते. मधल्या चार वर्षांत पडलेला फरक एका कागदाचा. हा स्टीफन पुढे २००७ साली नाऊरूचा अध्यक्ष झाला. संघटनेत घोटून निघालेला माणूस राज्यकारभारातही चालतो, असे आम्ही आमच्या पेशाच्या अभिमानाने म्हणू. तुम्ही सोडून द्या.

आता कोणी म्हणेल, तुवालू आणि नाऊरू स्वतंत्र राष्ट्रे आहेत, आपण दोन जिल्हे. खरे आहे. पण पूर्वी ऑलिंपिकला स्वातंत्र्याची अट इतकी कडक नव्हती. कुक बेटांचे लोक न्यूझीलंडचे नागरिक आहेत, तरी त्यांची समिती १९८६ साली आत आली. १९९६ साली सनदेत सुधारणा झाली आणि तेव्हापासून जगाने मान्य केलेल्या स्वतंत्र राष्ट्रालाच आत घेतात. जे आधी शिरले ते राहिले. आपल्या चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. रात्री दरवाजे लागले की आत असलेला आत आणि बाहेरचा बाहेर, असा तो जुना न्याय. ऑलिंपिकनेही लहान राष्ट्रांसाठी एक खिडकी ठेवली आहे. ज्या देशाचा एकही पुरुष किंवा एकही स्त्री धावण्याच्या शर्यतींना पात्र ठरत नाही, त्याला एक पुरुष, एक स्त्री पाठवण्याची मुभा मिळते. तुवालूचा धावपटू त्या खिडकीतून येतो. मोठ्या देशाला मात्र एका शर्यतीत तीनच माणसे. अकरा हजारांत एक आणि एकशे चाळीस कोटींत तीन! या हिशेबाची आम्हांला तक्रार नाही. खिडकी नसती तर ऑलिंपिक हा दहावीस धनवान देशांचा क्लब होऊन बसला असता. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून जो पैसा येतो त्यातला भाग या लहान समित्यांना प्रशिक्षणासाठी वाटला जातो. त्या योजनेचे नाव ‘सॉलिडॅरिटी’. हा शब्द आमच्या चळवळीतून उचललेला दिसतो. निदान तो योग्य ठिकाणी वापरला आहे.

बेटांची आणखी एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी. माणसे थोडी, पैसा थोडा, म्हणून तुवालूने किंवा फिजीने सर्व खेळांचा महासंघ एक आणि ऑलिंपिक समिती दुसरी असे दोन संसार मांडले नाहीत. दोन्हींची मिळून एकच संस्था. फिजीची संस्था १९४९ सालची. १९५६ साली मेलबर्नला त्यांचे खेळाडू पहिल्यांदा गेले आणि २०१६ साली रिओत सात-सात जणांच्या रग्बीत फिजीने सुवर्णपदक घेतले. मध्ये साठ वर्षे गेली. या साठ वर्षांत दर चार वर्षांनी ते जातच राहिले असे नाही, एकदोनदा चुकलेही. पण संस्था चालू राहिली. १९६३ पासून प्रशांत महासागरातील बेटांच्या आपसांतल्या स्पर्धा भरतात. म्हणजे एकदम जगाच्या फडात उडी नाही. आधी शेजाऱ्याशी झुंज.

आता आपल्या घराकडे वळू. भारत ऑलिंपिकला गेला कसा, याची कथा मराठी मुलखातच सुरू होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहायला सर दोराबजी टाटा गेले होते. त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे की धावणारी बहुतेक शेतकऱ्यांची मुले होती, साधे अन्न खाणारी, अनवाणी धावणारी. त्यांना युरोपातले नियम माहीत नव्हते, शिक्षण मिळालेले नव्हते, तरी त्यांच्या वेळा विलायतेतल्या वेळांच्या फार मागे नव्हत्या. यातून खटपट सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर, जिमखान्याची मंडळी, टाटा यांनी मिळून समिती केली, आणि १९२० साली ॲन्टवर्पला सहा जण रवाना झाले. चार धावणारे आणि दोन कुस्तीगीर. कुस्तीगीर रणधीर शिंदे पदकाच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊन चौथे आले. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली, पहिले अध्यक्ष दोराबजी. देश पारतंत्र्यात होता आणि ऑलिंपिकमध्ये त्याचे नाव होते. दरवाजा उघडा असताना कोणीतरी कागद घेऊन गेले, त्याचा हा लाभ.

आपल्या विदर्भातल्या अमरावतीनेही तो काळ पाहिला आहे. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या आखाड्याचे पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरले तेव्हा मंडळाच्या तुकडीने तेथे भारतीय व्यायामांची आणि कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली. मंडळ आजही उभे आहे. आखाडे आपल्या मुलखात गल्लोगल्ली झाले; सभासदांची वही ठेवणारे थोडे झाले, आणि टिकले तेही थोडेच.

यानंतर खाशाबा जाधवांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला म्हणून लंडनला गेले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या वेळी निवडीतच वाद झाला; पुन्हा झुंज लावावी लागली आणि ती त्यांनी जिंकली. नंतर पैशाचा प्रश्न आला. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, दुकानदारांनी दिले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ब्राँझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, पोरांना शिकवतो, आणि डोळे पुसतो.

आम्ही युनियनवाले असल्यामुळे आम्हांला या गोष्टीत दुसरेही काही दिसते. खाशाबा झोळीवर गेले. झोळी ही फार थोर वस्तू आहे. आमचे कित्येक संप झोळीवर तगले आहेत. परंतु झोळी एका माणसाला एकदा पाठवते. ज्या प्राचार्याने घर गहाण ठेवले तो पुढच्या ऑलिंपिकला पुन्हा दुसरे घर कोठून आणणार? पुढचे वैयक्तिक पदक भारताला १९९६ साली मिळाले, लिएंडर पेसचे, टेनिसमध्ये. मध्ये चव्वेचाळीस वर्षे! खाशाबा १९५५ साली पोलीस खात्यात लागले, १९८४ साली अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर आला. बैलगाड्या होत्या, हार होते. त्यांच्या नावावर पुढचा गडी तयार करणारे खाते नव्हते. झोळीची वर्गणी कोणी दिली हे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून ती पुन्हा मागायलाही कोणाला जाता येत नाही. पावतीपुस्तकाचे तसे नसते. पावती फाडलेला माणूस पुढच्या वर्षी स्वतः येऊन विचारतो, माझ्या पैशाचे काय केले? या विचारण्यातच संघटनेचा जीव असतो.

पावतीपुस्तकाचे उदाहरण हवे असेल तर नागपूरपर्यंतच जायला पाहिजे. विदर्भाचे स्वतंत्र राज्य झाले नाही. ते व्हावे की होऊ नये यावर येथे भांडण लावण्याचा आमचा विचार नाही. पण क्रिकेटमध्ये विदर्भ आहे! १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत विदर्भाचा संघ स्वतंत्रपणे खेळतो. साठ वर्षे त्याला कोणी फारसे मोजले नाही. मग २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन विजेतेपदे आली. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव या संघातून पुढे आला आणि २०११ साली भारताकडून कसोटी खेळला. मुंबई-पुण्याच्या गर्दीत त्याला रांगेत उभे राहावे लागले असते, तर त्याचा नंबर लागला असता काय? आमच्या मते नसता लागला. संघटनेला मान्यता होती म्हणून नागपुरात एक जास्तीची खिडकी होती, आणि खाणीतला मुलगा तिच्यातून आत गेला.

आता आपले चंद्रपूर आणि गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दोहोंची मिळून वस्ती बत्तीस लाखांच्या वर, म्हणजे तुवालूसारखी सुमारे तीनशे राष्ट्रे. येथून मुलगा वर कसा जातो? त्याला शिड्या दोन आहेत, आणि हीच अडचण आहे.

पहिली शिडी शाळेची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, आणि मग राष्ट्रीय शालेय स्पर्धा. क्रीडा खाते ती चालवते. आदिवासी विकास खात्याच्या आश्रमशाळांच्या स्पर्धा पुन्हा निराळ्या. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर अशा प्रकल्पांवरून त्या वर जातात. दुसरी शिडी संघटनेची. जिल्ह्याची ॲथलेटिक्स संघटना, तिच्यावर राज्याची, तिच्यावर देशाची, आणि देशाची संघटना जागतिक संघटनेशी जोडलेली. ऑलिंपिकचे दार या दुसऱ्या शिडीच्या टोकाला आहे. पहिल्या शिडीच्या टोकाला प्रमाणपत्र आहे आणि परीक्षेत वाढीव गुण आहेत. मास्तर मुलाला पहिल्या शिडीवर चढवतात, कारण ती त्यांच्या नोकरीचा भाग आहे. दुसरी शिडी कोठे उभी आहे हे पुष्कळ गावांत कोणाला सांगताच येत नाही.

आमच्या युनियनच्या एका सभासदाची पुतणी दक्षिण गडचिरोलीतल्या एका आश्रमशाळेत होती. लांब पल्ल्याच्या शर्यतीत ती आश्रमशाळांच्या राज्य स्पर्धेपर्यंत पहिली येत गेली. घरच्यांना वाटले, आता हिला सरकार बोलावील. कोणी बोलावले नाही, कारण कोणी बोलवावे असा नियमच नव्हता. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले की संघटनेच्या स्पर्धेसाठी वेगळी नोंदणी लागते, जन्माचा दाखला लागतो, प्रवेशशुल्क लागते, आणि तारीख मागच्याच आठवड्यात होऊन गेली. पुढच्या वर्षी आम्ही पाळी सुटण्याच्या वेळी खाणीच्या फाटकावर झोळी फिरवली. कंत्राटी मजुरांनी दहा-दहाच्या नोटा टाकल्या. पोरगी चुलत्याबरोबर सातशे किलोमीटरांहून अधिक दूर पुण्याला जाऊन धावली, पाचवी आली, घरी आली. त्यानंतरच्या वर्षी मागणी पत्राची लढाई होती, फाटकावर दुसरीच झोळी फिरत होती. मुलीचे लग्न झाले. गेल्या मे महिन्यात ती तेंदूपत्ता तोडताना दिसली असे तिचा चुलता सांगत होता. पत्ता तोडण्यात कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या निम्म्या सभासदांची घरे त्या पैशावर पावसाळा काढतात. पण पाचवी आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी तिसरी आली असती की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

आपल्या मुलखातल्या पोरांत दम नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने २०१८ चा मे महिना आठवावा. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी त्या महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर उभे राहिले. जिल्हा प्रशासन आणि आदिवासी विकास खाते यांनी मोहीम आखली, मुले निवडली, अनेक महिने शिकवली, साहित्य दिले, खर्च केला. जिवतीच्या डोंगरातली पोरे जगातल्या सर्वांत उंच डोंगरावर गेली. म्हणजे निवड, शिक्षण, पैसा आणि जबाबदार माणूस या चार गोष्टी एका जागी आल्या की काम होते. फक्त मोहीम ही अधिकाऱ्याबरोबर येते आणि त्याची बदली झाली की तिचे काय होईल हे सांगता येत नाही. तेथेही पावतीपुस्तक नव्हते.

मैदानाचेही आता रडगाणे गाऊन चालणार नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठे क्रीडासंकुल उभे आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय शालेय ॲथलेटिक्स स्पर्धा तेथे झाल्या. तुवालूच्या पोरांनी पाहिले तर त्यांना तो स्वर्ग वाटेल. पण सिरोंच्यापासून गडचिरोलीच दोनशे किलोमीटरांच्या घरात. विसापूर त्यांच्या दृष्टीने जवळजवळ दुसरे बेटच. आमची बेटे समुद्राने नव्हे, रस्त्यांनी तोडलेली आहेत.

नोकरीचा मुद्दाही येथे सांगितला पाहिजे, कारण तो आमच्या हद्दीतला आहे. २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत ब्राँझपदक मिळवणारा कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. बीडचा अविनाश साबळे सैन्यात. नाशिककडच्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत तेल कंपनीत. भारतात खेळाडूला पोसते ती पक्की नोकरी. आपल्या या दोन जिल्ह्यांत खाणी आहेत, वीज केंद्र आहे, कागद कारखाना आहे, सिमेंट आहे, भद्रावतीला दारूगोळ्याचा कारखाना आहे. पूर्वी कारखान्यांचे संघ असत, खेळाडू म्हणून भरती होई. आज कामाची खरी माणसे कंत्राटदाराच्या हजेरीवर आहेत आणि कंत्राटदार खेळाडू ठेवीत नाही. कायम कामगार कमी झाला तसा कारखान्याच्या मैदानावरचा खेळाडूही कमी झाला. वेतनकराराच्या मागण्यांत खेळाचे कलम घालायला निघालो की आमचेच काही सहकारी हसतात. हसू द्या. कलम आम्ही घालतोच.

तुवालूपासून आपण घ्यायचे ते एवढेच की थोडी माणसे असतील तर त्यांनी दोन शिड्या ठेवू नयेत. आश्रमशाळेचा, जिल्हा क्रीडा कार्यालयाचा आणि जिल्हा संघटनेचा माणूस महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसला, तर आश्रमशाळेच्या स्पर्धेत पहिली आलेली मुलगी त्याच दिवशी संघटनेच्या वहीत चढेल. त्याला नवा कायदा लागत नाही. २०२५ साली संसदेने खेळांच्या राष्ट्रीय संघटनांसाठी कायदा केला आहे आणि कार्यकारिणीत खेळाडूंना व स्त्रियांना जागा ठेवल्या आहेत. चांगले झाले. पण दिल्लीच्या कार्यकारिणीत बसलेल्या खेळाडूला एटापल्लीची वाट माहीत असेल, ही अपेक्षा करू नये. ते काम या सभागृहात बसलेल्यांचे आहे. तुमच्यापैकी कितीजण आपल्या जिल्ह्याच्या कोणत्याही क्रीडासंघटनेचे वर्गणीदार आहेत? हात वर करा असे आम्ही म्हणत नाही. व्याख्यानात श्रोत्यांना अडचणीत टाकू नये असा येथला रिवाज आहे. पण वार्षिक सभेची नोटीस मागा, सभेला जा, हिशेब वाचा, आणि मुलांच्या एस.टी.च्या भाड्याचे खाते त्यात आहे की नाही ते पाहा.

आणि तारखांचेही पाहा. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येतात. त्याच दिवसांत पर्लकोटेला पूर येतो आणि भामरागडचा बाकी जगाशी संबंध तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात वाचत आलो आहोत. ज्या पोरीचे गाव पाण्यापलीकडे अडकले, ती शर्यत न धावताच हरते आणि तिची नोंदही कोठे होत नाही. अहेरी, भामरागड, एटापल्ली, मुलचेरा, सिरोंचा एवढ्या तालुक्यांसाठी संघटनेची एक वेगळी स्पर्धा जानेवारीत अहेरीला घ्यावी, अशी आमची सूचना आहे. तोपर्यंत धानाची मळणी उरकलेली असते, नदीचे पाणी उतरलेले असते, आणि एस.टी. भामरागडपर्यंत जाते.